मेडिकल जर्नलसाठी पेपर रिव्ह्यू करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

एमडी होऊन असिस्टंट प्रोफेसर म्हणून जॉइन झालं, एखाददुसरा पेपर (शोधनिबंध) छापून आला, की थोड्याच दिवसांत एक ईमेल येते. अमुक जर्नलकडे तुमच्या विषयातला पेपर आलाय, रिव्ह्यू कराल का, आणि खाली ॲग्री आणि डिक्लाइन अशा दोन लिंक. बहुतेक जण खूश होऊन ॲग्री दाबतात आणि मग तीन आठवडे ती पीडीएफ उघडायचीच भीती वाटते, कारण हे काम एमबीबीएसला कोणी शिकवत नाही, पीजीला शिकवत नाही, थिसिस लिहून घेतात पण दुसऱ्याचा पेपर तपासायला कधी कोणी शेजारी बसवून घेत नाही. म्हणून सगळं एकदा सलग लिहून काढतेय. मुख्यतः ज्युनिअर डॉक्टर लोकांसाठी आहे, पण डॉक्टर नसाल तरी वाचा, कारण 'नव्या संशोधनात असं आढळलं' म्हणून ज्या बातम्या येतात त्यातल्या बऱ्याच याच चाळणीतून आलेल्या असतात.

आधी पेपरचा रस्ता बघू. ऑथर जर्नलच्या साइटवर लॉगिन करून पेपर अपलोड करतात. जर्नलच्या ऑफिसात फॉरमॅट, एथिक्स कमिटीची परवानगी, प्लेजरिझम (दुसऱ्याचं लिखाण उचललंय का) असं सगळं तपासतात, मग एडिटर वाचतो आणि खूप पेपर तिथूनच परत जातात. उरतात ते दोन-तीन रिव्ह्यूअर्सकडे जातात. रिव्ह्यूअर म्हणजे त्याच विषयात काम करणारा पण त्या पेपरशी संबंध नसलेला माणूस, बहुतेक ठिकाणी मानधन वगैरे काही नाही. तो वाचतो, मत कळवतो, आणि निर्णय एडिटर घेतो. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण नवीन माणूस स्वतःला परीक्षक समजून पास-नापास करायला बसतो आणि मग रिपोर्टमध्ये दोन ओळी लिहून मोकळा होतो. एडिटरला तुमच्या 'रिजेक्ट'पेक्षा त्यामागची कारणं जास्त उपयोगी पडतात.

मुंबईत केईएम आणि जी. एस. मेडिकल कॉलेजमधून निघणारं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन १९५५ पासून चालू आहे, इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च तर १९१३ पासून. त्या काळात पेपरच्या कॉप्या टपालाने जायच्या यायच्या. आता सगळं ऑनलाइन झालंय पण वाचणारा माणूसच आहे आणि वाचायला लागणारा वेळही तेवढाच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जर्नल्समध्ये डबल ब्लाइंड असतं, म्हणजे ऑथरला तुम्ही कोण ते कळत नाही आणि तुम्हाला ऑथर कोण ते कळत नाही. काही ठिकाणी फक्त तुमचं नाव लपवतात. ब्रिटिश मेडिकल जर्नलने मात्र १९९९ पासून रिव्ह्यूअरचं नाव ऑथरला सांगायला सुरुवात केली आणि २०१४ पासून छापलेल्या रिसर्च पेपरबरोबर त्याचे रिव्ह्यूसुद्धा साइटवर टाकायला लागले. हे शिकणाऱ्यासाठी फार मोलाचं आहे. चांगला रिव्ह्यू कसा दिसतो हे बघायचं असेल तर तिथे जाऊन चार-पाच पेपरचे रिव्ह्यू आणि त्यावर ऑथर्सनी दिलेली उत्तरं वाचा, पैसे लागत नाहीत, आणि माझ्या मते कुठल्याही वर्कशॉपपेक्षा त्यातून जास्त कळतं.

आता मुख्य मुद्दा. रिव्ह्यू करताना तुमच्यापुढे एकच मोठा प्रश्न असतो: हे लोक शेवटी जे म्हणतायत, ते यांनी जे केलं त्यातून खरंच निघतं का? बाकी स्पेलिंग, रेफरन्सची स्टाइल, टेबलच्या रेघा हे सगळं नंतर, आणि त्यासाठी जर्नलकडे वेगळी माणसं असतात. नवे रिव्ह्यूअर नेमके उलटं करतात, इंट्रोडक्शनमधल्या इंग्रजीवर पानभर लिहितात आणि कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठी घेतलेला गट) कुठून आणला ते विचारत नाहीत. आणि हे फक्त नव्यांचंच होतं असंही नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या ६०७ रिव्ह्यूअर्सना मुद्दाम चुका घातलेले पेपर तपासायला दिले होते, प्रत्येकात ९ मोठ्या चुका. २००८ साली तो अभ्यास छापून आला. पहिल्या पेपरमध्ये सरासरी किती सापडल्या असतील? अडीचच्या आसपास. ट्रेनिंग दिल्यावरही फार फरक पडला नाही. हे वाचून सिस्टिमवरचा विश्वास उडावा म्हणून सांगत नाहीये, तर सहज वाचत गेलं की मोठ्या चुका डोळ्याखालून निघून जातात हे कळावं म्हणून सांगतेय. शोधायला बसलं तरच सापडतात.

ॲग्री दाबायच्या आधी तीन गोष्टी बघा. विषय खरंच तुमचा आहे का. दिलेल्या मुदतीत (साधारण दोन ते तीन आठवडे असते) तीन-चार तास शांतपणे बसता येणार आहे का. आणि ऑथर्सशी किंवा विषयाशी तुमचे हितसंबंध आहेत का, म्हणजे तुमचाच जुना गाइड असेल, तुम्ही स्वतः सेम विषयावर पेपर लिहीत असाल, ज्या कंपनीचं औषध आहे तिच्याकडून तुम्हाला पैसे मिळत असतील. यातलं काही असेल तर एडिटरला स्पष्ट कळवा, तो ठरवेल. डबल ब्लाइंडमध्येसुद्धा बऱ्याचदा मेथड्स (अभ्यास कसा केला तो भाग) वाचून हॉस्पिटल ओळखू येतं, तसं झालं तर तेही कळवा. आणि जमणार नसेल तर दोन दिवसांत नाही म्हणा. लगेच नाही म्हटल्याचा कोणाला राग येत नाही, पण हो म्हणून दोन महिने गप्प बसलात तर तिकडे एखाद्या रेसिडेंटचा पेपर अडकून पडतो.

एक सावधगिरी. खोट्या जर्नल्सच्या ईमेलही खूप येतात. तुम्ही त्वचारोगवाले आणि आमंत्रण हाडाच्या ऑपरेशनच्या पेपरचं, भाषा अतिगोड, दोन दिवसांत रिव्ह्यू हवा, एडिटोरियल बोर्डवर पण घेतो म्हणतात. २०१३ साली सायन्स मासिकातर्फे एका पत्रकाराने ढोबळ चुका असलेला बनावट पेपर ३०४ ओपन ॲक्सेस (कोणालाही फुकट वाचता येणाऱ्या) जर्नल्सना पाठवला होता आणि १५७ जणांनी तो स्वीकारला. तेव्हा जर्नल ओळखीचं नसेल तर आधी त्याची साइट बघा, एडिटर खरे आहेत का बघा, पबमेडवर (मेडिकल पेपर शोधायची साइट) किंवा डीओएजेच्या (ओपन ॲक्सेस जर्नल्सची डिरेक्टरी) यादीत आहे का बघा. उलट्या बाजूनेही फसवणूक चालते, ऑथर स्वतःच रिव्ह्यूअर म्हणून खोटी नावं आणि खोटे ईमेल सुचवतात आणि स्वतःच्या पेपरचा रिव्ह्यू स्वतःच लिहितात. २०१५ मध्ये बायोमेड सेंट्रलने अशाच बनावट रिव्ह्यूमुळे ४३ पेपर मागे घेतले. म्हणून आता एडिटर लोक कॉलेजचा ईमेल आयडी आणि ऑर्किड नंबर (संशोधकाची ओळख पटवणारा) मागतात, तो १६ आकडी नंबर फुकट मिळतो, काढून ठेवा. आणि कोणी आपणहून बोलवायची वाट बघायची गरज नाही, आपल्या विषयाच्या जर्नलच्या एडिटरला साधी ईमेल लिहा, मी अमुक विषयात काम करते, हे माझे पेपर, या या विषयावर रिव्ह्यू करू शकेन. एडिटर कायम रिव्ह्यूअर शोधत असतात.

लॉगिन केल्यावर साइटवर रिव्ह्यूअरचा भाग वेगळा असतो. तिथून पूर्ण पीडीएफ घ्या, आणि सप्लिमेंटरी फाइल्स वेगळ्या असतात त्याही घ्या, बरेच जण त्या उघडतच नाहीत आणि खरी गडबड तिथल्याच टेबलमध्ये असते. फॉर्ममध्ये काही प्रश्न किंवा मार्क असतात, मग दोन बॉक्स: एक ऑथरसाठी, एक फक्त एडिटरसाठी. शेवटी ॲक्सेप्ट, मायनर रिव्हिजन, मेजर रिव्हिजन, रिजेक्ट यातलं एक निवडायचं. रिपोर्ट थेट साइटवर टाइप करू नका, मध्येच लॉगआउट होतं आणि सगळं जातं, वर्डमध्ये लिहून मग पेस्ट करा आणि पेस्ट केल्यावर चिन्हं बघा, 'पेक्षा कमी किंवा समान'चं चिन्ह कधी कधी प्रश्नचिन्ह होऊन बसतं. वर्डची फाइल जोडणार असाल तर त्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये आणि कॉमेंट्समध्ये तुमचं नाव असतं, ते काढा, नाहीतर ब्लाइंड रिव्ह्यूचा काही अर्थ राहत नाही.

आता प्रत्यक्ष वाचन. एक काल्पनिक पेपर घेऊन करूया, पण असे पेपर खरंच खूप येतात. समजा विषय आहे टाइप २ डायबेटिसमध्ये व्हिटॅमिन डी दिल्याने शुगर कंट्रोल सुधारतो का. १०० पेशंट, ५० जणांना व्हिटॅमिन डी, ५० जणांना नाही, १२ आठवड्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारी तपासणी). व्हिटॅमिनवाल्या गटात एचबीए१सी ८.४ वरून ७.८ वर आलं, पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) ०.०३. दुसऱ्या गटात ८.३ वरून ७.८, पी व्हॅल्यू ०.०७. निष्कर्ष: व्हिटॅमिन डी परिणामकारक आहे, सर्व डायबेटिक पेशंटना द्यावं.

पहिल्यांदा पेन न घेता पूर्ण वाचा. दुसऱ्यांदा ॲबस्ट्रॅक्ट (सुरुवातीचा सारांश) आणि डिस्कशन (निकालांवरची चर्चा) बाजूला ठेवा आणि मेथड्सपासून सुरू करा, कारण डिस्कशन आधी वाचलं की ऑथरची गोष्ट डोक्यात बसते आणि मग टेबलमध्ये पण तीच दिसायला लागते.

मेथड्समध्ये लिहिलंय 'पेशंट रँडमली दोन गटांत विभागले'. कसे? पुढे कुठेतरी सापडतं की ओपीडीत आलेल्या पेशंटना एक सोडून एक याप्रमाणे घेतलं. हे रँडम नाही. कारण ओपीडीत बसलेल्या डॉक्टरला पुढचा पेशंट कुठल्या गटात जाणार ते आधीच माहीत आहे, आणि समोर फार आजारी किंवा औषधं नीट न घेणारा पेशंट आला तर नकळत त्याला 'उद्या या' म्हटलं जातं. मुद्दाम कोणी करत नाही, पण होतं, आणि मग दोन गट सुरुवातीपासूनच वेगळे होतात. म्हणून यादी कोणी बनवली, चिठ्ठ्या बंद पाकिटात होत्या का, पेशंट घेणाऱ्याला पुढचा नंबर कळत होता का, हे विचारायचं.

मग रजिस्ट्रेशन. भारतात ट्रायल (पेशंटना उपचार देऊन तो तपासणारा अभ्यास) असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे सीटीआरआय, तिथे नोंद लागते. ती रजिस्ट्री जुलै २००७ मध्ये सुरू झाली, औषध नियंत्रकांनी १५ जून २००९ पासून नोंद सक्तीची केली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंद करावी लागते. सीटीआरआय नंबरमध्येच वर्ष आणि महिना लिहिलेला असतो, तो पेपरमधल्या पेशंट घेतल्याच्या तारखेशी जुळवून बघायला दोन मिनिटं लागतात. नंतर साइटवर ती नोंद उघडा आणि प्रायमरी आउटकम (मुख्य म्हणून मोजायची गोष्ट) काय लिहिलं होतं ते बघा. समजा तिथे फास्टिंग शुगर लिहिलंय आणि पेपरमध्ये एचबीए१सी मुख्य झालंय. मग प्रश्न पडतो की फास्टिंगचं काय झालं? दहा गोष्टी मोजल्या आणि जी बरी दिसली ती पुढे आणली, असं तर नाही ना? हे मोठ्या जर्नल्समध्येही होतं. ऑक्सफर्डच्या काही संशोधकांनी २०१५-१६ मध्ये जगातल्या पाच बड्या मेडिकल जर्नल्समधल्या ६७ ट्रायल्स अशा जुळवून पाहिल्या, फक्त ९ ट्रायल्समध्ये सगळं ठरल्याप्रमाणे दिलेलं होतं. तेव्हा एवढी एक तपासणी केली तरी खूप केलं.

पुढे आकडे मोजा, अक्षरशः कॅल्क्युलेटर घेऊन. सुरुवातीला ५० आणि ५०, शेवटच्या टेबलमध्ये ३६ आणि ४७. म्हणजे व्हिटॅमिनवाल्या गटातून १४ जण गेले आणि दुसऱ्यातून ३. ते का गेले, त्यांची शुगर वाढली म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे गेले का, त्रास झाला का? राहिलेले ३६ हे औषध नीट घेणारे, ओपीडीला वेळेवर येणारे पेशंट असतील तर त्यांचा एचबीए१सी तसाही कमी होणार. म्हणून ज्याला ज्या गटात टाकलं त्याला त्याच गटात मोजायचं, मध्ये सोडून गेला तरी, असा नियम आहे आणि तो पाळला का ते विचारायचं.

आणि मग ती गोष्ट जी सगळ्यात जास्त वेळा दिसते आणि सगळ्यात जास्त वेळा सुटते. एका गटात पी ०.०३ म्हणजे सिग्निफिकंट (०.०५ च्या खाली असलं की तसं म्हणायची पद्धत आहे), दुसऱ्यात ०.०७ म्हणजे नाही, म्हणून व्हिटॅमिन काम करतं. वाचायला बरोबर वाटतं ना? पण आकडे बघा, एकीकडे ०.६ ने कमी झालं, दुसरीकडे ०.५ ने. दोन गटांतला फरक फक्त ०.१ आहे. कंट्रोल ग्रुप घेतलाच होता तुलना करायला, आणि ती तुलनाच केलेली नाही, प्रत्येक गटाची त्याच्या स्वतःच्या सुरुवातीशी तुलना केली. दोन्ही गटांत शुगर खाली आली कारण स्टडीत असताना लोक डाएट सांभाळतात, ओपीडीला येतात, मेटफॉर्मिनचा (डायबेटिसच्या गोळीचा) डोसही कदाचित वाढवला असेल (तोही पेपरमध्ये दिलेला नसतो, विचारा). योग्य प्रश्न एकच, दोन गटांतल्या बदलांमध्ये किती फरक आहे आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काय आहे. हा इंटरव्हल म्हणजे ढोबळ भाषेत, हाती आलेल्या डेटाशी जुळणारा खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो त्याची रेंज. ती रेंज शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरली असेल तर 'परिणामकारक आहे' असं म्हणता येत नाही, 'या स्टडीतून ठरवता आलं नाही' असं म्हणावं लागतं.

कंट्रोल कशासाठी लागतो हे आपल्या गडचिरोलीच्या कामात छान दिसतं. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा पेपर १९९९ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला. ३९ गावांत हे काम केलं आणि ४७ गावं तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर काम केलेल्या गावांत हजारी २५.५ होता, पण पेपरमध्ये सांगितलेली ६२.२ टक्के घट ही तुलनेच्या गावांमधला बदल लक्षात घेऊन काढलेली आहे. नुसतं 'आमच्याकडे मृत्यू कमी झाले' म्हटलं असतं तर कुठलाही रिव्ह्यूअर विचारू शकला असता की आजूबाजूला पण कमी झाले असतील. हा प्रश्न मनात ठेवून तो पेपर वाचून बघा, रिव्ह्यूची चांगली प्रॅक्टिस होते. गावं चिठ्ठी टाकून वाटलेली नव्हती, मग दोन्हीकडची गावं सुरुवातीला सारखी होती हे कसं दाखवलंय, मृत्यू मोजणाऱ्यांची दोन्हीकडची पद्धत सारखी होती का, असे प्रश्न स्वतःला विचारत वाचा आणि उत्तरं पेपरमध्ये शोधा.

आजार ओळखणाऱ्या टेस्टवरचे पेपर असतात तिथे वेगळा धोका असतो, पेशंट कुठून घेतले हा. समजा नवी टेस्ट, सेन्सिटिव्हिटी ९० टक्के (आजारी असलेल्यांपैकी एवढे पॉझिटिव्ह येतात), स्पेसिफिसिटी ९० टक्के (निरोगी असलेल्यांपैकी एवढे निगेटिव्ह येतात). स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये १०० पैकी ५० जणांना तो आजार आहेच, तिथे टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ९० टक्के खरी. आता हीच टेस्ट गावात वापरा जिथे १००० मागे १० जणांना आजार आहे. त्या १० पैकी ९ सापडतील, पण निरोगी ९९० पैकी ९९ जण चुकून पॉझिटिव्ह येतील. म्हणजे १०८ पॉझिटिव्हमध्ये खरे ९, साधारण ८ टक्के. बाकीच्या ९९ जणांना उगाच पुढच्या तपासण्या, खर्च, घरात रडारड. म्हणून 'स्क्रीनिंगसाठी वापरावी' असं शेवटी लिहिलं असेल आणि सगळे पेशंट मोठ्या हॉस्पिटलमधले असतील तर ते वाक्य काढायला लावायचं.

केस रिपोर्टचं थोडक्यात सांगते: पेशंटची लेखी संमती आहे का, फोटोत चेहरा ओळखू येतो का (डोळ्यांवर काळी पट्टी मारणं पुरेसं धरत नाहीत), एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव राहिलंय का, आणि यातून वाचणाऱ्या डॉक्टरला नवीन काय कळतं. आणि प्रत्येक प्रकारच्या पेपरसाठी चेकलिस्ट असते, ट्रायलला कॉन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला (एका प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा) प्रिझ्मा, इक्वेटर नेटवर्कच्या साइटवर सगळ्या मिळतात. सुरुवातीला ती शेजारी उघडून बसा.

स्टॅटिस्टिक्स झेपत नसेल तर? बहुतेकांना झेपत नाही आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. एडिटरच्या बॉक्समध्ये लिहा की क्लिनिकल भाग मी तपासला, ॲनालिसिस तपासता आलं नाही, स्टॅटिस्टिशियनला दाखवा. एडिटरला हे खूप उपयोगी पडतं. गप्प राहिलात तर तो धरून चालतो की तेही तपासलंय.

रिव्ह्यूअरला सगळंच पकडता येत नाही हेही खरं. मे २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये कोविड आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा पेपर आला, ९६,०३२ पेशंट, ६७१ हॉस्पिटलं, आणि दोन आठवड्यांच्या आत मागे घ्यावा लागला कारण डेटा पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर कंपनीने मूळ डेटा तपासायला देण्यास नकार दिला. कागदावर सगळं व्यवस्थित दिसत असताना डेटाच खरा आहे का हे रिव्ह्यूअर घरबसल्या सांगू शकत नाही. पण डेटा कुठून आला, ऑथर्सपैकी कोणी स्वतः पाहिला, एथिक्स कमिटी कुठली, हे विचारता येतं आणि विचारायलाच हवं. आकडे खटकले, सगळी टक्केवारी जरा जास्तच जुळलेली वाटली, तर ते ऑथरच्या बॉक्समध्ये आरोप म्हणून लिहू नका, एडिटरच्या बॉक्समध्ये कारणासकट लिहा. १९९८ चा एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा पेपर आठवतो ना, फक्त १२ मुलं, कंट्रोल ग्रुप नाही, आणि मागे घ्यायला २०१० उजाडलं. मधल्या काळात कितीतरी आई-वडिलांनी मुलांना लस दिली नाही.

आता रिपोर्ट लिहायचा. सुरुवातीला तीन-चार वाक्यांत पेपर काय सांगतो ते तुमच्या शब्दांत लिहा, त्याने एडिटरला कळतं तुम्ही नीट वाचलंय आणि ऑथरलाही कळतं की आपलं म्हणणं पोचलं की नाही. मग चांगलं काय आहे ते, खरंच असेल ते. मग मोठे मुद्दे नंबर घालून, मग छोटे, पान आणि ओळीच्या नंबरसकट. 'सॅम्पल साइझ कमी आहे' एवढंच लिहिलं तर ऑथर काय करणार? त्याऐवजी असं लिहा: '५०-५० पेशंट कशाच्या आधारावर ठरवले ते मेथड्समध्ये दिलेलं नाही. एचबीए१सीमध्ये किती फरक शोधायचा होता आणि पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) किती धरली ते लिहावं. आधी गणित केलं नसेल तर तसं स्पष्ट नमूद करावं, आणि दोन गटांतल्या फरकाचा कॉन्फिडन्स इंटरव्हल द्यावा.' यावर माणूस बसून काम करू शकतो. ॲक्सेप्ट की रिजेक्ट हे ऑथरच्या बॉक्समध्ये लिहायचं नाही, ते एडिटरकडे.

मेजर रिव्हिजन की रिजेक्ट, हे ठरवताना मी एक गोष्ट बघते: जे चुकलंय ते आता दुरुस्त होण्यासारखं आहे का. आपल्या पेपरमध्ये चुकीची तुलना केलीय, ती पुन्हा ॲनालिसिस करून सुधारता येईल. १४ जणांची माहिती फाइलमध्ये असेल, देता येईल. निष्कर्ष सौम्य करता येईल. पण पेशंट एक सोडून एक घेतले ते आता बदलता येणार नाही, स्टडी संपलाय. मग दोनच पर्याय उरतात, ऑथरने रँडमाइज्ड हा शब्द काढून, ही मर्यादा उघडपणे लिहून पेपर सुधारावा, किंवा जर्नलला तेवढ्यावर छापायचा नसेल तर नाकारावा. मी अशा वेळी मेजर रिव्हिजन लिहून एडिटरला खरं सांगते की सुधारूनही निष्कर्ष 'फरक दिसला नाही' असाच राहील. आणि फरक दिसला नाही म्हणून पेपर नाकारू नका प्लीज. तो आकडा छापला गेला नाही तर दुसऱ्या कॉलेजात कोणी तरी पुन्हा १०० पेशंट घेऊन तेच करत बसेल.

भाषेबद्दल मला फार वाटतं म्हणून लिहितेच. अंबाजोगाई, धुळे, मिरज अशा ठिकाणचे रेसिडेंट रात्रीच्या ड्युट्या करून थिसिसचा पेपर बनवतात, इंग्रजी अवघडलेलं असतं, कारण तसं लिहायला कोणी शिकवलेलं नसतं. 'नेटिव्ह स्पीकरकडून तपासून घ्या' असं उर्मटपणे लिहिलेलं वाचून किती तरी जण पुन्हा लिहायचं नावच काढत नाहीत. अर्थ कळत नाही ती चार-पाच वाक्यं दाखवा आणि तिथे काय म्हणायचंय ते विचारा. तसंच स्वतःचे पेपर रेफरन्समध्ये घालायला लावू नका. एखादा खरंच महत्त्वाचा असेल तर कारण देऊन सुचवा, पण पाच नावं टाकणं ही सरळ जबरदस्ती आहे.

पेपर गुप्त असतो हे ऑनलाइनच्या काळात जास्त सांभाळावं लागतं. डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, पीजीला 'जरा वाचून कॉमेंट काढून दे' म्हणून द्यायचा नाही. शिकवायला म्हणून त्याला बरोबर घ्यायचं असेल तर आधी एडिटरला विचारा आणि त्याचं नाव कळवा, बहुतेक जण हो म्हणतात आणि त्या मुलालाही क्रेडिट मिळतं. एआय चॅटबॉटमध्ये पेपर टाकणं हाही गुप्तता मोडण्याचाच प्रकार आहे. मेडिकल जर्नल एडिटर्सच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ मध्येच सांगितलंय की जिथे गुप्ततेची खात्री नाही तिथे मॅन्युस्क्रिप्ट अपलोड करू नये, आणि अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने त्याच वर्षी ग्रँटच्या (संशोधनाच्या निधीसाठीच्या अर्जांच्या) रिव्ह्यूत असं एआय वापरायला बंदी घातली. काम झालं की फाइल लॅपटॉपवरून काढून टाका.

काही आठवड्यांनी सुधारलेला पेपर परत येतो, सोबत ऑथरचं मुद्देसूद उत्तर. आधी ते उत्तर वाचा, मग प्रत्येक ठिकाणी पेपरमध्ये खरंच बदल केलाय का बघा, कारण उत्तरात 'केलं' लिहिलेलं असतं आणि टेबल तेच असतं. ऑथरने तुमचा मुद्दा मान्य केला नाही पण कारण पटण्यासारखं दिलं असेल तर मान्य करा. पहिल्या वेळी न सांगितलेले नवे मुद्दे आता काढू नका, फार गंभीर काही असेल तरच, आणि तेव्हा एडिटरला सांगून. सगळ्यात शेवटी ॲबस्ट्रॅक्ट पुन्हा वाचा. आत डिस्कशनमध्ये 'फरक दिसला नाही' असं सुधारलेलं असतं आणि ॲबस्ट्रॅक्टमध्ये जुनं 'परिणामकारक आहे' तसंच राहिलेलं असतं, आणि पबमेडवर बहुतेक डॉक्टर फक्त ॲबस्ट्रॅक्ट वाचतात. ते वाक्य बदलल्याशिवाय ॲक्सेप्ट दाबू नका.